साकवावरचं लुगडं

बाबा बोलणी करायला जायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आतोबा व्हायचो.

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, प्लास्टिकची खुर्ची टाकायची, खांद्यावर टॉवेल घ्यायचा, एक पाय दुसऱ्यावर चढवायचा आणि तोंडात पान असल्यासारखे गाल फुगवून बसायचं. बाबा समोर पायरीवर. आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, काहीही बोलायच्या आधी नाकातून एक आवाज काढतात आणि मग उजवीकडे बघतात. तिथे कोणी नसलं तरी बघतात. मी तेवढं केलं की आई आत हसायची, आणि बाबा मात्र खरंच घाबरायचे. डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे.

"भावोजी," ते मला म्हणायचे, "आमचं म्हणणं एवढंच हाय की..."

"एवढंच असतं तर पऱ्या ओलांडून आलास कशाला, मेव्हण्या?"

"मेला अगदी असाच बोलेल तो," बाबा आईला सांगायचे आणि मग त्याच्यावर काय उत्तर द्यायचं याचा विचार करत बसायचे. मी आमच्याच वाडीचा, पण खुर्चीत बसलो की मला आतोबांचंच पटायला लागायचं. नक्कल करण्यात हा एक तोटा आहे.

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीने फार लांब नाही. मोबाईलची रेंज गेली की समजायचं, आलं. वाड्या पुष्कळ, गावकी एक. देव एक, पालखी एक, नदीकाठचं स्मशान एक. देऊळ मूळवाडीत, म्हणून मानही मूळवाडीचा, आणि आतोबा मूळवाडीचे गावकर, म्हणजे तिथे त्यांचा शब्द पहिला. आमची वाडी पऱ्याच्या अलीकडे. पऱ्या म्हणजे ओढा, उन्हाळ्यात म्हैस बसेल एवढाच उरतो आणि पावसात माणूस नेतो. त्याच्यावर साकव आहे, एका वेळी एक माणूस जाईल असा पूल. लग्न असो, घर शाकारायचं असो की मयत असो, साकवावरून घरटी एक माणूस इकडचा तिकडे जायचा. मयताला तर हाळी देणारा यायचा, वाडीवाडीत ओरडत. त्याची हाळी ऐकली की हातातला घास खाली ठेवायचा आणि निघायचं.

मग एका शिमग्याला पालखी आमच्याकडे आलीच नाही. आमचा नंबर कायम शेवटचा. त्या दिवशी खांदेकरी दमले, उजाडायला आलं, आणि पालखी साकवापासून मागे फिरली. आमच्या खळ्यांत रांगोळ्या घालून बायका उभ्या. मुंबईहून रजा काढून आलेली पोरं ढोल गळ्यात अडकवून उभी. अपमान झाला हे खरंच. मला पण राग आला होता.

पण राग आम्ही जेवून झोपून विसरलो असतो. मुंबईवाल्यांना तो परतीच्या गाडीत पुरला आणि तिकडे पोचेपर्यंत वाढला. आमच्या वाडीचं मुंबईत मंडळ आहे. मंडळाचे अध्यक्ष लाद्यांच्या दुकानात कामाला, बोलायला एक नंबर. त्यांनी तिकडे एका शाळेच्या हॉलमध्ये सभा लावली. घोषणा अशी, की आमच्या वाडीचा निर्णय आमच्या वाडीत. गावकीतून बाहेर पडायचं. आपली पालखी, आपला मान, आपला शिमगा.

हात वर करून मतं घेतली. बाहेर पडा म्हणणारे जरासे जास्त भरले. एकाने दोन्ही हात वर केले होते असं बाबा अजून सांगतात. अध्यक्ष म्हणाले, तो आळस देत होता. वाडीत राहणारे म्हणून बाबा आणि एक म्हातारे शेजारी, एवढेच तिथे होते. बाकी सगळे मुंबईत राहणारे, ज्यांचं स्मशान गॅसवर चालतं.

बाबांनी हात वर केला नव्हता. त्यामुळे मूळवाडीशी बोलायला कोणी जायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी बाबांकडेच बघितलं.

"काका, तुमची सख्खी बहीण तिकडे दिलेली. तुमचं ऐकतील."

त्याच सुमाराला विलायतेत हेच चाललं होतं. मी थट्टा करत नाही. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होतो आणि राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की युरोपातल्या देशांची एक गावकी आहे आणि ब्रिटन तिच्यातून बाहेर पडतंय. गावकी हा शब्द माझा. सरांचा शब्द लांबलचक होता. मी मोबाईलवर त्यांच्या पार्लमेंटचे व्हिडिओ बघून सगळ्यांच्या नकला बसवल्या. तो ओरडणारा सभापती, मागच्या बाकावरून हूं हूं करणारे, आणि ती उंच बाई, पंतप्रधान, जिला स्वतःला बाहेर पडायचं नव्हतं आणि तरी बाहेर पडायची बोलणी तिच्याच गळ्यात आली होती. गॅदरिंगला टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बाबांना करून दाखवलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, खरी बाई दाखव.

मी कातळावर गेलो, कारण रेंज तिथेच येते. बाबा पण आले. जांभ्याच्या दगडावर बसून आम्ही दोघांनी ब्रिटनचं पार्लमेंट बघितलं.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, मी आणलंय त्याच्यापेक्षा बरं मिळणार नाही."

"मंग तिची माणसं?"

"नको म्हणतात."

"विरोधातली?"

"नाही बाबा, तिचीच. शेजारच्या बेटावर हद्द लागते, तिथे कुंपण घालायचं की नाही यावर अडलंय. दोन्ही बाजूंना नातीगोती आहेत."

बाबा बराच वेळ बघत राहिले. बाई मान खाली घालून कागद आवरत होती.

"घरी गेल्यावर हिला जेवायला कोण वाढत असेल रे?" बाबा म्हणाले.

पहिल्यांदा आम्ही दोघं साकव ओलांडून गेलो ते आत्याच्याच घरी. बोलणी तिच्या पडवीत. म्हणजे वाटाघाटी तिच्या नवऱ्याच्या आणि भावाच्या, आणि चहा तिचा. नक्कल हा आमच्या घराण्यातला रोग आहे आणि तो मला आत्याकडून लागलाय. ती एसटीचा कंडक्टर करायची, दवाखान्यातली नर्स करायची, आणि आतोबांना तर त्यांच्यामागे उभी राहून करायची. त्या दिवशी आतोबा गंभीरपणे म्हणाले, "गावकी म्हणजे धर्मशाळा नव्हे," आणि मागे दारात आत्याने गाल फुगवून उजवीकडे बघितलं. माझा चहा नाकातून आला.

"काय झालं रे?" आतोबा.

"ठसका, आतोबा."

बाबांनी फक्त तीन गोष्टी मागितल्या. पालखी वेगळी करू द्या. मयताला एकत्र राहू द्या. आणि दिल्या-घेतल्या पोरींना साकवावरून येऊ-जाऊ द्या. आतोबा म्हणाले, विचारून सांगतो. हे लिहून काही ठेवायचं नव्हतं, कारण मयत आणि येणंजाणं बंद होऊ शकतं असं कागदावर आलं तर ते वाळीत टाकणं झालं, आणि तो आता गुन्हा आहे, हे दोन्हीकडच्यांना पाठ होतं.

दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं. सगळं कबूल, साकवसुद्धा अर्धा तुमचा. एकच अट. शिमग्याचा पहिला नारळ आमच्या वाडीने मूळवाडीच्या देवळात द्यायचा, पूर्वीसारखा. देव तिथला आहे, त्याला तुम्ही हलवू शकत नाही.

बाबा घरी आले ते जवळजवळ उड्या मारत. एक नारळ! त्या बदल्यात स्मशान, साकव, पोरीबाळी, सगळं शाबूत. आम्ही कातळावर जाऊन अध्यक्षांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर दहा-बारा डोकी दिसत होती, मागे लाद्यांचे ढीग.

"काका, नारळ तिकडे द्यायचा तर बाहेर पडलो कशाला?"

"मयत एकत्र राहतंय, बाबांनो. पोरी येतायत-जातायत."

"ते आपण नंतर बघू. पहिला मानाचा प्रश्न."

"मेलेल्याला नंतर नसतं रे," बाबा म्हणाले, पण तेवढ्यात रेंज गेली आणि पडद्यावर अध्यक्षांचं तोंड उघडं राहून थिजलं. मी त्याची नक्कल केली. बाबा म्हणाले, गप बस. असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले.

घरी मी परत खुर्चीत बसलो. या वेळी बाबांनी मला आतोबा नको, अध्यक्ष व्हायला सांगितलं. "त्याला पटवायला शिकतो मी," म्हणाले. मी मोबाईल कानाला लावून, मान वाकडी करून, "काका, भावना समजून घ्या" असं सुरू केलं. बाबांनी खूप प्रयत्न केले. आतोबांना ते निदान कधीतरी निरुत्तर करायचे. अध्यक्षांना एकदाही नाही, कारण अध्यक्षांना नक्की काय हवंय ते मला, त्यांची नक्कल करणाऱ्यालाच, सापडत नव्हतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाबा अट सैल करायला गेले होते. नारळ देतो, पण आधी आमच्या मांडावर, शिमगा खेळायच्या जागेवर, फोडतो आणि मग आणतो, असं काहीतरी. आतोबांनी नाकातून आवाज काढला, उजवीकडे बघितलं. आणि आत्या चहा न घेताच बाहेर आली. पदर खोचलेला, हात ओले.

"माझ्या लुगड्याचं काय ठरलं?"

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवून नेतात. माहेरचा माणूस ते हातात घेऊन येतो. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आत्याला साखर होती, पाय सुजायचे, पण ती काही मरायला टेकलेली नव्हती. चालताबोलता माणूस.

"अगो, मरणाच्या गोष्टी कसल्या करतेस?" आतोबा म्हणाले.

"जगण्याचं सगळं तुम्ही दोघांनी वाटून घेतलंत. म्हणून हे विचारते. साकव अर्धा तुमचा, अर्धा ह्यांचा. लुगडं मधेच राहणार की काय?"

"नाय गो बाय," बाबा म्हणाले, "ते मी बघतो."

"रंग हिरवा आण. आणि पदर बघून घे, तू कायम फसतोस." मग तिने रत्नागिरीच्या दुकानदाराचा आवाज काढला, "काका, धुवून बघा, रंग गेला तर मी गेलो!" आम्ही सगळे हसलो. आतोबा पण.

बाबांनी त्याच आठवड्यात लुगडं आणलं. पदर दोनदा उघडून बघितला. आईने ट्रंकेत ठेवलं.

आणि मंडळाने या खेपेलाही नको म्हटलं. बाबांनी कातळावरून लुगड्याचं सांगितलं तेव्हा पलीकडे कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, काका, तुम्ही घरातलं मधे आणताय. शिमगा जवळ आला होता. काहीच न ठरता आम्ही बाहेर पडलो.

आमची नवी पालखी मुंबईहून टेम्पोने आली. दिसायला झकास होती, चांदीचा पत्रा, लाईटच्या माळा. फक्त बनवणाऱ्याने दांडे हॉलच्या मापाने केले होते आणि आमची पाखाडी म्हणजे पायऱ्यांची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना गडगे, दगडी कुंपणं, त्यात वळण. वळणावर पालखी अडकली. पुढचे वर, मागचे खाली, देव तिरका. मागे न्यायचं तर मागचे पाखाडीवरून गडगडणार. शेवटी एकाचा गडगा पाडला. अध्यक्षांनी घाम पुसत मला विचारलं, "व्हिडिओ काढलास काय रे?" मी म्हटलं काढला. त्यांनी डिलीट करायला लावला.

मूळवाडीने लगेच ठरवलं. पऱ्यापलीकडच्यांशी येणंजाणं नाही, बोलणं नाही. जो बोलेल त्याच्या दारात गावकी येणार नाही. आमच्या मंडळाने पण तोच नियम इकडे केला, तोही आपण एक दिवस आधीच केला होता असं सांगत.

आत्या मग म्हशीशी बोलायला लागली.

रोज म्हैस घेऊन ती पऱ्यावर यायची. अलीकडे आई धुणं धुवत असायची, कधी मी, कधी बाबा. आत्या आमच्याकडे पाठ करून म्हशीला विचारायची, "काय गो, तुझ्या भावाने खोकल्याचं औषध घेतलं काय?" म्हशीला कुठला भाऊ! मग मी आभाळाकडे बघून कंडक्टरच्या आवाजात ओरडायचो, "पुढे सरका, पुढे सरका, औषधवाला पॅसेंजर सकाळीच उतरला!" म्हशीवर पाणी ओतता ओतता आत्याचे खांदे हलायचे. बाबांना आवाज काढता येत नाहीत. ते नुसते खोकायचे, म्हणजे तिला कळावं की खोकला कमी झालाय. दोन्ही तीरांवरून लोक बघायचे, पण म्हशीशी बोलू नये असा नियम कोणी केला नव्हता.

भाऊबीजेला आत्याने म्हशीला ओवाळलं. मूळवाडीतल्या बायका म्हणाल्या, ही खुळावली. बाबा अलीकडे दगडावर पाटावर बसल्यासारखे ताठ बसले होते.

पुढच्या पावसात पऱ्या भरला आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. आत्या हातवारे करायची. मग एक दिवस म्हैस घेऊन आतोबा आले. खाली मान. आम्ही उभे राहिलो, त्यांनी वर बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पण तेच. बाबांनी घरात येऊन मला सांगितलं, तिची नर्स करून दाखव ना, ती दवाखान्यातली. मी केली. जमली नाही.

नंतर एका सकाळी पलीकडे हाळी ऐकू आली. पाऊस मोठा होता, नाव कळत नव्हतं. हाळी घराघरावरून खाली येत होती. हाळी देणारा साकवापर्यंत आला, डोक्यावर इरलं, आणि त्याने एक पाय साकवावर टाकला. वर्षानुवर्षं तो असाच यायचा आमच्याकडे. पाय टाकला, आम्हाला बघितलं, आणि पाय मागे घेऊन तो परत चढून गेला.

बाबांनी नाव विचारलंच नाही. आईने ट्रंक उघडली.

आम्ही साकवावर गेलो तेव्हा आतोबा पलीकडच्या टोकाला उभे होते. मागे मूळवाडीची माणसं, छत्र्या धरून. आतोबांच्या गालात पान नव्हतं. गाल आत गेलेले.

"तिथेच थांब, मेव्हण्या."

"लुगडं हाय फक्त."

"ठाऊक हाय. पण तू इकडे पाऊल टाकलंस तर ही माणसं मागे फिरतील. मी एकटा तिला नेऊ कशी?"

मी म्हटलं, हा गुन्हा आहे, मी कातळावर जातो आणि पोलिसांना फोन लावतो.

"पोलीस खांदा देतील काय?" बाबा म्हणाले. मला नाही, साकवाला म्हणाल्यासारखे.

बोलण्यात तरी अर्धा साकव आमचा होता. बाबा अर्ध्यापर्यंत गेले. लुगडं प्लास्टिकच्या पिशवीत होतं, त्यांनी ते मधल्या फळीवर ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि मागे आले. आतोबांनी पिशवीकडे बघितलं. मग त्यांनी उजवीकडे बघितलं. या वेळी तिथे माणसं होती. त्यातल्या एकाने मान हलवली.

आतोबांनी लुगडं उचललं नाही.

आत्याला त्यांनी घरातल्याच कुठल्यातरी लुगड्यात नेलं. ते पलीकडच्या काठाने नदीकडे चालले आणि आम्ही तिघं अलीकडच्या काठाने त्यांच्याबरोबर चाललो. मधे पऱ्या. त्यांनी खांदा बदलला की आम्ही थांबायचो. पुढे आमच्या बाजूला गडगा आडवा येतो आणि वाट संपते. तिथून दिसत काही नाही. ओल्या लाकडांचा धूर तेवढा वर आला, तोही पावसाने दाबून टाकला.

परत येताना पिशवी तिथेच होती. बाबांनी ती उचलली. आत पाणी गेलं होतं. आईने लुगडं चुलीवरच्या दांडीवर पसरलं आणि सगळ्या घराला नव्या कापडाचा वास सुटला. हिरवा रंग अजिबात गेला नव्हता.

संध्याकाळी फोन वाजला, वाऱ्याने कुठून रेंज आली कोणास ठाऊक. अध्यक्ष होते. बाबांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. बाबांचा आवाज मला चांगला काढता येतो. कधी घरात केला नव्हता, त्यांना चालणार नाही म्हणून.

"काका, कळलं. वाईट झालं. पण आपण हललो नाही, हे बरं केलंत."

"आता दुसरा माणूस बघा," मी बाबांच्या आवाजात म्हटलं.

"काका, अहो असं..."

मी फोन ठेवला. बाबांनी मान हलवली. बरोबर बोललास, अशी.

तोवर विलायतेतली ती बाई गेली होती. दारात उभी राहून रडली, मग आत गेली. तिच्या जागी आलेल्याने करार केला, आणि सर म्हणाले, बराचसा तिचाच, थोडा फिरवून. आमच्याकडेही तेच झालं. मंडळाने एक तरुण माणूस पाठवला, तो आत्याच्या पडवीत बसला, चहा कोणी केला ते मला ठाऊक नाही, आणि सगळं ठरलं. पालखी वेगळी, मयत एकत्र, पोरी मोकळ्या. पहिला नारळ मूळवाडीच्या देवळात. शिमग्याला गाऱ्हाणं घातलं, देवा म्हाराजा, दोन्ही काठांची लेकरं सांभाळ, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. अध्यक्षांचा आवाज सगळ्यात वर. बाबा खोकत होते.

त्यानंतर एकदा आतोबा आमच्याकडे आले. एकटेच, साकवावरून. मी खळ्यात खुर्ची टाकली, तीच. ते बसले, बाबा पायरीवर बसले. पाय एकमेकांवर टाकले नाहीत त्यांनी. मी खऱ्या आतोबांना त्या खुर्चीत पहिल्यांदा बघत होतो, आणि माझी नक्कल त्यांच्याहून जास्त धष्टपुष्ट होती असं मला वाटलं.

"मेव्हण्या," ते म्हणाले, "वर्षश्राद्ध येतंय. तिच्या नावाने ठेवायला ते लुगडं असलं घरात, तर..."

आईने आत ट्रंकेच्या कडीला हात लावला, तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला.

"ते तेव्हाच साकवावर दिलेलं हाय, भावोजी," बाबा म्हणाले. "परत कसं देऊ?"

आतोबांनी उजवीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं, गडग्यावर फक्त आईने वाळत टाकलेली फडकी होती. चहा आला, तो दोघांनी घेतला, आणि अंधार पडायच्या आत आतोबा साकव ओलांडून गेले.